तक्रारीचे बळ : अल्पसंख्याकांचे हक्क आणि जागतिक व्यासपीठ



कल्याणच्या पुढे कर्जतच्या मार्गावर उल्हासनगर लागते. आज ते व्यापाराने गजबजलेले शहर आहे. परंतु फाळणीनंतर त्या जागी लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या आणि त्या बराकींत सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. १९४९ साली या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेराच्या परिसरात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. तेथे आजही घराघरांत बंगाली बोलली जाते. सिंधू आणि पद्मा या दोन नद्यांच्या काठांवरून उखडली गेलेली ही माणसे महाराष्ट्राच्या मातीत रुजली, कष्टाने उभी राहिली. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

परंतु या कौतुकात एक प्रश्न मात्र झाकला जातो. ही माणसे येथे आली, कारण तेथे त्यांना राहता आले नाही. आपल्याच गावात, आपल्याच घरात, आपल्या देवघरासह सुरक्षित राहण्याचा जो हक्क, तो मागण्यासाठी त्यांना कोणते दार होते? आणि जे अजून तेथेच आहेत, उमरकोटमध्ये, थरपारकरमध्ये, दिनाजपूरमध्ये, खुलन्यामध्ये, त्यांना आज कोणते दार आहे? आश्रय हा शेवटचा उपाय असतो. घर सोडावे लागू नये, हा पहिला उपाय. आजच्या विषयाचे महत्त्व येथे आहे.

‘आंतरराष्ट्रीय मानवाधिकार यंत्रणा’ हा शब्दप्रयोग ऐकला की सर्वसाधारणपणे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक भाबडी : संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार करा, म्हणजे न्याय मिळेल. दुसरी तिरस्काराची : ही सारी बड्या राष्ट्रांची नाटके आहेत, त्यांचा काडीचाही उपयोग नाही. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रिया अभ्यासाचे कष्ट वाचवणाऱ्या आहेत. इतिहास काय सांगतो, हे पाहिले पाहिजे.

एका साध्या नोकराचा अर्ज

पहिल्या महायुद्धानंतर युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला. नव्या सीमांच्या आत कोट्यवधी माणसे परक्या बहुसंख्याकांच्या राज्यात येऊन पडली. त्यांच्या रक्षणासाठी पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया आदी राष्ट्रांकडून अल्पसंख्याकविषयक करार लिहून घेण्यात आले. त्यांतील पहिला करार पोलंडशी, २८ जून १९१९ रोजी झाला. या करारांची राखण राष्ट्रसंघाकडे सोपविण्यात आली आणि अल्पसंख्याकांना राष्ट्रसंघाकडे अर्ज करण्याची वाट खुली झाली.

जर्मनी आणि पोलंड यांच्यात विभागल्या गेलेल्या अपर सायलेशिया या प्रदेशासाठी १५ मे १९२२ रोजी एक स्वतंत्र करार झाला. त्याची मुदत १५ वर्षांची होती. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्याकांना समान वागणूक देण्याचे बंधन दोन्ही राष्ट्रांनी त्यात स्वीकारले होते. पोलंडमध्ये गेलेल्या जर्मनांच्या काळजीपोटी जर्मनीने या करारावर सही केली होती. ही सही पुढे आपल्याच अंगावर येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यूंना सरकारी नोकऱ्या, वकिली आणि वैद्यकी यांतून बाहेर काढण्याचे सत्र सुरू झाले. अपर सायलेशियातील ग्लायवित्झ या गावी एका दुकानात काम करणारा फ्रान्झ बर्नहाइम नावाचा एक साधा ज्यू नोकर होता. एप्रिल १९३३ मध्ये त्याला केवळ ज्यू असल्यामुळे कामावरून काढून टाकण्यात आले. त्याच्यापाशी धन नव्हते, पद नव्हते. पण ज्यू संघटनांतील काही जाणकार विधिज्ञांनी १९२२ चा करार बारकाईने वाचलेला होता. त्यांच्या साहाय्याने बर्नहाइमने मे महिन्यात राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. अर्जात शिव्याशाप नव्हते. कोणता कायदा, कोणत्या तारखेचा, कराराच्या कोणत्या कलमाचा भंग करतो, एवढेच त्यात मांडलेले होते.

जर्मनीने आक्षेप घेतला की, बर्नहाइम मूळचा त्या प्रदेशातला नाही, सबब त्याला अर्ज करण्याचा अधिकारच पोहोचत नाही. राष्ट्रसंघाने हा आक्षेप विधिज्ञांच्या समितीपुढे ठेवला आणि समितीने तो फेटाळला. जर्मन प्रतिनिधीला जाहीरपणे सांगावे लागले की, देशांतर्गत कायद्याने आंतरराष्ट्रीय बंधन मोडता येत नाही. काही चूक झाली असेल तर ती कनिष्ठ अधिकाऱ्यांची आहे. परिणामी अपर सायलेशियाच्या जर्मन भागात ज्यूविरोधी कायदे स्थगित झाले. १९३५ चे कुप्रसिद्ध न्यूरेंबर्ग कायदेही तेथे लागू झाले नाहीत. जुलै १९३७ मध्ये कराराची मुदत संपली आणि संरक्षणाचे ते छत्र नाहीसे झाले. परंतु नाझी राजवटीच्या पोटात सुमारे चार वर्षे एका छोट्या समाजाला श्वास घ्यायला आणि देश सोडून जायला अवधी मिळाला, तो एका अर्जामुळे.

हा अर्ज का यशस्वी झाला? तीन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले, राज्याची सही असलेला कागद होता. दुसरे, तक्रार नेमकी आणि सिद्ध करता येण्याजोगी होती. तिसरे, त्या क्षणी जर्मनीला काहीतरी हवे होते. नव्या राजवटीला जगात मान्यता हवी होती, आणि पोलंडमधील आपल्या बांधवांसाठी तोच करार तिलाही वापरायचा होता. सही, पुरावा आणि राज्याची गरज या तीन गोष्टी जुळल्या की यंत्रणा हलते. यांतील एक जरी निखळली, तरी ती थबकते.

एक व्यवस्था कोसळते, दुसरी उभी राहते

ही व्यवस्था पुढे का कोसळली, हेही समजून घेतले पाहिजे. तिच्यातील मोठा दोष पंक्तिप्रपंचाचा होता. अल्पसंख्याकांचे बंधन नव्या आणि पराभूत राष्ट्रांवर होते. ब्रिटन-फ्रान्ससारख्या विजेत्यांवर ते नव्हते. ‘हा नियम आम्हालाच का?’ असा प्रश्न विचारत सप्टेंबर १९३४ मध्ये पोलंडने सहकार्य थांबविले. दुसरा दोष याहून भयंकर होता. चेकोस्लोव्हाकियातील जर्मन अल्पसंख्याकांच्या तक्रारींचे निमित्त करून हिटलरने १९३८ मध्ये त्या देशाचे लचके तोडले. अल्पसंख्याकांचे दुःख हे शेजाऱ्यावर चाल करून जाण्याचे हत्यार बनले आणि त्यात खऱ्या तक्रारींचीही प्रतिष्ठा गेली.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने वेगळी वाट धरली. समूहाच्या हक्काऐवजी प्रत्येक माणसाच्या हक्काची भाषा आली. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचे शब्द जाऊन ‘सर्व मानव’ असे शब्द आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मात्र या जाहीरनाम्यात अल्पसंख्याकांसाठी एकही स्वतंत्र कलम नाही. त्याच दिवशी महासभेने निराळा ठराव करून, संयुक्त राष्ट्रसंघ अल्पसंख्याकांच्या भवितव्याबाबत उदासीन राहू शकत नाही, एवढे म्हणून विषय पुढे ढकलला. अल्पसंख्याकांना आपला धर्म, भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देणारे कलम बंधनकारक करारात आले ते १९६६ साली : नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सत्ताविसावे कलम. हा करार प्रत्यक्ष अमलात यायला १९७६ साल उजाडले.

दिल्लीचा करार आणि ‘शत्रू’ ठरलेली जमीन

जग असे चाचपडत असताना आपल्या उपखंडात काय घडत होते? फाळणीनंतर पूर्व बंगालमध्ये हिंदूंवर अत्याचारांची लाट आली. निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येऊ लागले आणि तिकडून मुसलमानही पूर्वेकडे जाऊ लागले. ८ एप्रिल १९५० रोजी पंडित नेहरू आणि लियाकत अली खान यांनी दिल्लीत करारावर सह्या केल्या. करारातील शब्द उत्तम होते. धर्मनिरपेक्ष समान नागरिकत्व, जीवित-वित्ताची सुरक्षा, पळवलेल्या स्त्रियांचा शोध, सक्तीच्या धर्मांतरास मान्यता नाही, अल्पसंख्याक आयोग, असे सारे त्यात होते. एकच गोष्ट नव्हती. करार मोडला तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर नव्हते. तिसरा निरीक्षक नव्हता, न्यायासन नव्हते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तो याच पार्श्वभूमीवर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनी राजीनामा दिला. पूर्व बंगालमधील दलितांचे हे नेते मुस्लिम लीगवर विश्वास ठेवून पाकिस्तानात राहिले होते. आपल्या प्रदीर्घ राजीनामापत्रात त्यांनी अत्याचारांचा तपशील दिला आणि ते भारतात परतले. ते पत्र हा आजही मोलाचा पुरावा आहे. परंतु ज्याच्यापुढे ते ठेवावे, असे आसन १९५० मध्ये कोठेही नव्हते.

पुढे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने शत्रुसंपत्तीचा नियम आणला. कुटुंबातील एखादा भाऊ भारतात गेला असेल, तर मागे राहिलेल्यांची जमीनही ‘शत्रूची’ म्हणून सरकारजमा होऊ लागली. बांगलादेश स्वतंत्र झाला, पण हा नियम मात्र गेला नाही. त्याने १९७४ मध्ये ‘निहित संपत्ती’ असे नवे नाव धारण केले. ज्या हिंदूंनी मुक्तिसंग्रामात रक्त सांडले, त्यांची शेती शत्रूची म्हणून नोंदलेलीच राहिली. ढाका विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अबुल बरकत यांनी वर्षानुवर्षे या विषयाचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार देशातील सुमारे २७ लाख हिंदू कुटुंबांपैकी १२ लाख, म्हणजे ४४ टक्के कुटुंबांना या कायद्यांची झळ पोहोचली. हा निष्कर्ष मांडणारा अभ्यासक त्या देशातलाच आहे, मुसलमान आहे, आणि जमिनी बळकावणाऱ्यांत सर्व पक्षांचे धनदांडगे आहेत हेही त्याने दाखविले. २००१ साली संपत्ती परत करण्याचा कायदा झाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर याद्या प्रसिद्ध झाल्या, न्यायाधिकरणे बसली. मधल्या काळात लोकसंख्येचे आकडे बोलत राहिले. १९५१ च्या जनगणनेत पूर्व बंगालमध्ये हिंदू सुमारे २२ टक्के होते. १९७४ मध्ये ते साडेतेरा टक्के झाले आणि २०२२ मध्ये आठ टक्क्यांहून किंचित कमी.

आज कोणती दारे उघडी आहेत?

आता वर्तमानाकडे वळू. बांगलादेशाने २००० मध्ये आणि पाकिस्तानने २०१० मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या करारास मान्यता दिली. पाकिस्तानने प्रारंभी धर्मस्वातंत्र्यासह अनेक कलमांना अटी आणि अपवाद जोडले होते. अनेक राष्ट्रांनी त्यास हरकत घेतल्यानंतर २०११ मध्ये त्यांतील बहुतेक मागे घेण्यात आले. म्हणजे सही आहे. परंतु या करारासोबत एक ऐच्छिक पूरक करार आहे. त्यावर सही करणाऱ्या देशातील नागरिकाला, देशांतर्गत न्यायालये संपल्यावर, थेट जिनिव्हातील मानवाधिकार समितीकडे दाद मागता येते. नेपाळ आणि श्रीलंका यांनी ही वाट खुली केली आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि भारत या तिन्ही देशांनी ती खुली केलेली नाही. ग्लायवित्झच्या बर्नहाइमला जे दार १९३३ मध्ये मिळाले, ते थरपारकरच्या भिल्लाला अथवा कोळ्याला या कराराखाली आजही मिळालेले नाही.

मग उरतात तीन वाटा. पहिली वाट अहवालाची. करारावर सही केलेल्या राज्याने ठरावीक काळाने आपला अहवाल समितीपुढे ठेवायचा असतो आणि स्वयंसेवी संस्था त्याच वेळी आपला समांतर अहवाल देऊ शकतात. बांगलादेशाने आपला पहिला अहवाल १४ वर्षे उशिरा, २०१५ मध्ये दिला, यावरून राज्ये हे काम किती मनापासून करतात ते कळते. दुसरी वाट सार्वत्रिक आढाव्याची. मानवाधिकार परिषदेत २००८ पासून प्रत्येक सदस्य राष्ट्राचा सुमारे साडेचार वर्षांनी आढावा घेतला जातो. अन्य राष्ट्रे प्रश्न विचारतात, शिफारशी करतात. पाकिस्तान आणि बांगलादेश या दोघांचाही चौथा आढावा २०२३ मध्ये झाला. तिसरी वाट विशेष प्रतिवेदकांची. अल्पसंख्याकांचे प्रश्न, धर्मस्वातंत्र्य, स्त्रियांवरील अत्याचार अशा विषयांवर नेमलेले हे तज्ज्ञ एखाद्या व्यक्तीच्या तक्रारीवरूनही सरकारला पत्र लिहून जाब विचारू शकतात.

यांपैकी कोणाच्याही हाती पोलीस नाहीत, दंड करण्याचा अधिकार नाही. मग उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणातून मिळते.

पाकिस्तानात हिंदूंच्या विवाहाची कायदेशीर नोंद करण्याची सोय दशकानुदशके नव्हती. ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु एखाद्या विवाहित हिंदू स्त्रीला पळवून नेले, धर्मांतर आणि निकाह झाल्याचा कागद पुढे केला, तर ती आधीच विवाहित आहे हे सिद्ध करायला पतीजवळ एकही सरकारी दाखला नसे. विधवेला वारसा मिळवताना हीच अडचण येई. तेथील हिंदू लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे कायद्याची मागणी करीत राहिले. स्त्रियांविषयीच्या भेदभावावर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीनेही २०१३ च्या आढाव्यात हिंदू विवाह विधेयक लवकर मंजूर करावे, असे सुचविले. १९ जून २०१४ रोजी पाकिस्तानचे सरन्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांवर दिलेल्या ऐतिहासिक निकालात आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घेतला. २०१६ मध्ये सिंध प्रांताने आणि २०१७ मध्ये केंद्राने हिंदू विवाह कायदा केला. हे श्रेय एकट्या जिनिव्हाचे नाही. पहिले श्रेय तेथे पाय रोवून उभ्या असलेल्या हिंदूंचे आहे. परंतु त्यांच्या आवाजाला बाहेरच्या व्यासपीठाने वजन दिले, हे नाकारता येत नाही.

बाहेरच्या व्यासपीठाला हे वजन कोठून येते? येथे बर्नहाइमचे तिसरे कारण आठवावे : राज्याची गरज. १ जानेवारी २०१४ पासून युरोपीय संघाने पाकिस्तानला निर्यातीत जकातीची विशेष सवलत दिली. या सवलतीला २७ आंतरराष्ट्रीय करार पाळण्याची अट होती आणि त्यांत मानवाधिकारांचे प्रमुख करार होते. फैसलाबादच्या कापड गिरण्या आणि कराचीतील अल्पसंख्याकांचे हक्क यांचा असा संबंध जोडला गेला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संसदेने ईशनिंदेच्या कायद्याचा निषेध करून ही सवलत तपासण्याची मागणी केली. ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या ज्या ख्रिस्ती दांपत्याचा त्या ठरावात उल्लेख होता, त्यांना जून महिन्यात लाहोर उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. न्यायाधीशांनी पुरावा पाहूनच निर्णय दिला असेल; पण वर्षानुवर्षे रखडलेले अपील नेमके तेव्हाच निकाली निघाले, हेही नजरेआड करता येत नाही.

यंत्रणेची मर्यादाही त्याच देशात दिसते. सक्तीच्या धर्मांतराविरुद्धचे विधेयक सिंध विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये एकमताने मंजूर केले. धार्मिक पक्षांचा दबाव आला, राज्यपालांनी ते परत पाठविले आणि त्याचा कायदा झालाच नाही. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी अल्पसंख्याक समाजांतील अल्पवयीन मुलींची अपहरणे, सक्तीचे विवाह व धर्मांतरे यांवर पाकिस्तानला जाहीरपणे खडसावले. पत्रके निघाली, पण मुली पळवल्या जाण्याचे थांबले नाही. तेव्हा भाबडेपणाला येथे जागा नाही.

गोंगाट आणि पुरावा

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना ढाका सोडावे लागले आणि त्यानंतरच्या दिवसांत बांगलादेशात हिंदूंची घरे, दुकाने, मंदिरे यांवर हल्ले झाले. त्या दिवसांत दोन प्रकारचे साहित्य जगापुढे आले. एक होते समाजमाध्यमांवरील चित्रफितींचे. त्यांत खऱ्याबरोबर खोट्याचाही भरणा झाला. एका हिंदू क्रिकेटपटूचे घर जाळल्याची म्हणून जी चित्रे घरोघरी पोहोचली, ते घर प्रत्यक्षात अवामी लीगचे खासदार असलेल्या एका मुस्लिम माजी कर्णधाराचे होते. ही एक चूक उघडकीस आली आणि ‘हिंदूंवरील हल्ले ही सारी बनावट आहे’ असे म्हणायला अनेकांना आयते निमित्त मिळाले. ज्याचे घर खरोखर जळले होते, त्याचे दुःखही त्या गदारोळात संशयास्पद ठरले. खोट्या पुराव्याने शत्रूचे नव्हे, आपल्याच पीडित बांधवाचे नुकसान होते.

दुसरे साहित्य होते संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाच्या सत्यशोधन पथकाचे. हंगामी सरकारच्याच निमंत्रणावरून आलेल्या या पथकाने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहवाल प्रसिद्ध केला. हसीना सरकारच्या काळातील दडपशाहीचा आणि त्यात १,४०० पर्यंत माणसे मारली गेल्याच्या शक्यतेचा त्यात मुख्यतः विचार आहे. परंतु त्याच अहवालात ठाकुरगाव, लालमोनिरहाट, दिनाजपूर आदी भागांत हिंदूंवर झालेल्या हल्ल्यांची, तसेच अहमदिया आणि चितगाव डोंगराळ प्रदेशातील आदिवासी यांवरील हल्ल्यांची नोंद आहे. त्यामागे धार्मिक द्वेष, राजकीय सूड आणि जमिनीचे स्थानिक वाद असे मिश्र हेतू असल्याचे अहवाल सांगतो. सुमारे शंभर जणांना अटक झाली तरी अनेक हल्लेखोर मोकळेच आहेत, असेही त्यात नमूद आहे. ‘मिश्र हेतू’ हे शब्द काहींना रुचणार नाहीत. परंतु ‘काहीच घडले नाही’ असे म्हणण्याची सोय या अहवालाने संपविली, हे त्याचे मोल आहे. हजार घोषणांनी जे साधत नाही, ते एका शांत, तपासलेल्या नोंदीने साधते.

कार्यकर्त्यांपुढील काम

या साऱ्यातून करण्याजोगे काय निघते? मानवाधिकार परिषदेने २००७ मध्ये आपल्या तक्रार-पद्धतीचे निकष ठरविले. तक्रार उघडपणे राजकीय हेतूने प्रेरित नसावी. तिची भाषा शिवराळ नसावी. ती केवळ वृत्तपत्रांच्या बातम्यांवर आधारलेली नसावी. देशांतर्गत उपाय करून पाहिलेले असावेत. हे चार निकष प्रत्येक कार्यकर्त्याने भिंतीवर लावावेत असे आहेत. सार्वत्रिक आढाव्यासाठी एका संस्थेला २,८१५ शब्दांत आपले म्हणणे मांडावे लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची सल्लागार मान्यता असण्याचीही गरज नसते. २,८१५ शब्द म्हणजे एका लेखाहून फार अधिक नव्हे. परंतु त्यातील प्रत्येक वाक्यामागे तारीख, ठिकाण, फिर्यादीचा क्रमांक, वयाचा दाखला, खतियानाचा उतारा उभा असावा लागतो. आपल्याकडे जसा सातबारा, तसा तिकडे खतियान. ज्याने तो जपला, त्याचा दावा टिकला.

आणखी एक पथ्य आहे. पीडिताची संमती असल्याशिवाय त्याचे नाव पुढे करू नये. व्यासपीठावरचा वक्ता भाषण संपवून सुखरूप घरी जातो. ज्या मुलीचे नाव त्याने उच्चारले, तिच्या बापाला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत दिवस काढायचे असतात. तिकडील माणसांचे धैर्य आपल्या टाळ्यांसाठी खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय हिंदूंची तक्रार ही ख्रिश्चन, शीख, अहमदिया, चकमा यांच्या तक्रारीबरोबर मांडली गेली, तर ती अधिक बळकट होते. २०२४ च्या तज्ज्ञांच्या निवेदनात हिंदू आणि ख्रिस्ती मुलींचे दुःख एकाच वाक्यात आले, हे उगाच नव्हे.

मोजमाप एकच हवे

अखेरीस एक अवघड मुद्दा. तो टाळला तर हे विवेचन अप्रामाणिक ठरेल. जिनिव्हात भारतालाही प्रश्न विचारले जातात. २००८ पासून २०२२ पर्यंत चार वेळा भारताचा आढावा झाला आणि त्यात येथील अल्पसंख्याकांचे, दलितांचे, आदिवासींचे विषय निघाले. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर तेथून कठोर टीका झाली. शेजारी देशांतील छळ झालेल्यांना आधार देण्याचा हेतू भारताने मांडला. अशा टीकेपैकी काही अपुऱ्या माहितीवर असेल, काही हेतुपुरस्सरही असेल. जे निराधार असेल त्याला पुराव्याने उत्तर द्यावे आणि जे साधार असेल ते दुरुस्त करावे. एवढे मोठेपण पाच हजार वर्षांच्या संस्कृतीचा वारसा सांगणाऱ्या समाजाने दाखवायलाच हवे. ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे दिल्लीने म्हणायचे आणि तेच वाक्य इस्लामाबादने उच्चारले की संतापायचे, हे एकाच तोंडाने शोभत नाही. राष्ट्रसंघाची व्यवस्था पंक्तिप्रपंचानेच बुडाली, हे विसरता कामा नये.

भारताने आपल्या संविधानात कलम २५ ते ३० मध्ये धर्मस्वातंत्र्याचे आणि अल्पसंख्याकांचे हक्क स्वतःहून लिहिले. १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे नोकरदार स्त्रियांना संरक्षण दिले. त्याने राष्ट्राचे सार्वभौमत्व उणे झाले नाही, उलट उजळले. येथील शेवटच्या अल्पसंख्याकाचे घर जितके सुरक्षित, तितका दिनाजपूरच्या हिंदूसाठी उठणारा भारताचा आवाज खणखणीत. हा उपकाराचा प्रश्न नाही. तिकडील बांधवांच्या रक्षणाचाच तो भाग आहे.

ग्लायवित्झच्या त्या नोकराने जग बदलले नाही. त्याने एक करार वाचला, एक अर्ज लिहिला आणि काही हजार माणसांना चार वर्षे मिळवून दिली. ज्यांच्या डोक्यावर संकट घोंगावते आहे, त्यांना चार वर्षे ही फार मोठी गोष्ट असते. उल्हासनगरच्या आणि चामोर्शीच्या वस्त्यांत आज ऐंशी-नव्वदीच्या घरात असलेले आजी-आजोबा आहेत. त्यांच्या ट्रंकेत जुने दस्तऐवज आहेत, आठवणीत तारखा आहेत, गावांची आणि माणसांची नावे आहेत. ते कागद वाळवी लागण्यापूर्वी कोणीतरी पाहायला हवेत, त्या आठवणी कोणीतरी लिहून घ्यायला हव्यात. जिनिव्हा फार दूर आहे, असे म्हणणाऱ्यांनी कर्जतच्या गाडीने उल्हासनगरला उतरावे. कामाचा आरंभ तेथूनही होऊ शकतो.